भावनिक आधाराचे प्राणी : लाभ खरा, पण कायद्यात स्थान नाही

नवी दिल्ली : नैराश्य, तीव्र चिंता किंवा आघातोत्तर तणावाशी झगडणाऱ्या व्यक्तीला घरातल्या कुत्र्या-मांजराचा आधार वाटतो, हे आता केवळ प्राणीप्रेमींचे म्हणणे राहिलेले नाही. गेल्या दशकभरात त्यावर पद्धतशीर संशोधन झाले असून या लाभाचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही बाबी बऱ्याच स्पष्ट झाल्या आहेत. भारतीय कायद्याने मात्र या नात्याची स्वतंत्र दखल अद्याप घेतलेली नाही. भाड्याचे घर शोधताना, रेल्वेने प्रवास करताना किंवा रुग्णालयात दाखल होताना असा प्राणी निव्वळ पाळीव प्राणी ठरतो आणि त्याच्यावाचून राहण्याची वेळ नेमकी आजारी व्यक्तीवर येते.

या विषयावरील चर्चेत तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा किंवा दुःस्वप्नांनी ग्रासलेल्या माजी सैनिकाला झोपेतून जागे करणारा कुत्रा हा ‘सेवा श्वान’ होय. त्याला विशिष्ट कामाचे प्रशिक्षण दिलेले असते. रुग्णालयात, शाळेत किंवा वृद्धाश्रमात प्रशिक्षित व्यक्तीसोबत ठरावीक वेळ जाणारा तो ‘उपचार श्वान’. मुंबईच्या विमानतळावर 2023 पासून प्रवाशांचा ताण हलका करण्यासाठी आणले जाणारे कुत्रे याच दुसऱ्या प्रकारात मोडतात. चेन्नईची ब्लू क्रॉस ही संस्था आणि मुंबईचे अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन यांनी तर हे काम बरेच आधी सुरू केले होते. भावनिक आधार देणारा प्राणी या दोहोंत बसत नाही. त्याला विशेष प्रशिक्षण नसते, कामाची वेळही ठरलेली नसते. तो एका व्यक्तीचा असतो आणि तिच्यासोबत असणे एवढेच त्याचे काम असते.

या सोबतीचे मोल मोजण्याचा एक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. मँचेस्टर आणि साउदम्प्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या 54 जणांना आपल्या आधाराची माणसे एकात एक काढलेल्या तीन वर्तुळांत मांडण्यास सांगितले. पाळीव प्राण्याचा उल्लेख करणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांनी त्याला सर्वांत आतल्या वर्तुळात ठेवले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील सहभागींनी दिलेली कारणे अगदी साधी होती. प्राणी प्रश्न विचारत नाही आणि आजाराचे नाव ऐकून दूर जात नाही. कानात आवाज घुमू लागले की लक्ष दुसरीकडे वळवतो. मानसिक आजाराचा कलंक ज्यांनी सोसला आहे, त्यांच्यासाठी यातील पहिल्या दोन गोष्टी लहान नव्हेत.

शरीरावर होणारा परिणामही नोंदला गेला आहे. कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, तेव्हा दोघांच्याही शरीरात जिव्हाळ्याशी निगडित ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते, असे जपानी शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 249 विद्यार्थी सहभागी होते. त्यांपैकी ज्यांनी कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटे कुरवाळले, त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. अर्थात, दहा मिनिटांचा दिलासा म्हणजे आजारावरील उपचार नव्हे. खरा परिणाम बहुधा संप्रेरकांपेक्षा दिनक्रमात शोधावा लागेल. नैराश्यात अंथरुणातून उठणे हेच सर्वांत अवघड काम होऊन बसते आणि दिवसभरात छोटी, ठरलेली कामे पार पाडायला लावणे हा मानसोपचाराचा एक मान्य मार्ग आहे. कुत्रा हेच करायला लावतो. त्याला सकाळी बाहेर न्यावेच लागते, वेळेवर खायला द्यावेच लागते, आणि खाली उतरल्यावर शेजाऱ्यांशी चार शब्द बोलणे होते.

तरीही पुरावा मर्यादित आहे, हे मान्य करावे लागेल. अमेरिकेच्या टोलेडो विद्यापीठाने गंभीर मानसिक आजार असलेल्या अल्पउत्पन्न व्यक्तींना प्राणी देऊन वर्षभर पाहणी केली. नैराश्य, चिंता आणि एकटेपणा घटल्याचे दिसले; मात्र सहभागींची संख्या अवघी 11 होती. अमेरिकी माजी सैनिक विभागाच्या अभ्यासात आघातोत्तर तणाव असलेल्या 181 माजी सैनिकांना सेवा श्वान किंवा भावनिक आधाराचे कुत्रे देण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा झाली, परंतु आजाराची लक्षणे आणि आत्महत्येचे विचार यांबाबत सेवा श्वानांचा गट पुढे राहिला. ब्रिटनमध्येच 2018 साली 17 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात लाभांबरोबरच खर्चाचा भार, देखभालीची चिंता आणि प्राण्याच्या मृत्यूनंतरचे तीव्र दुःख यांचीही नोंद आहे. आजारी व्यक्तीच्या बाबतीत हे अखेरचे दुःख पुन्हा खोल गर्तेत नेणारे ठरू शकते.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आहे. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांमध्ये 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. हे प्रमाण 0.75 इतकेच आहे. अशा टंचाईत प्राणी हा डॉक्टरला स्वस्त पर्याय म्हणून पुढे केला जाण्याचा धोका उघड आहे. तो पर्याय नाही. औषधे आणि समुपदेशन सुरू असताना मिळणारी ती जोड आहे, आणि जोड म्हणूनच तिला संरक्षण हवे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि अपंग व्यक्तीसाठी नियमांत वाजवी बदल करून देण्याचे तत्त्वही आहे. मात्र भावनिक आधाराचा प्राणी अशी संज्ञा त्यात नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये अशी बंदी बेकायदा ठरवली. हा दिलासा प्रामुख्याने सदनिकाधारकांच्या कामाचा आहे. भाडेकरूला मालकाच्या करारातील अटींना सामोरे जावे लागते आणि तेथे आजाराचा दाखला दाखवणे म्हणजे घर गमावणे, अशीच अनेकांना भीती असते. रेल्वेत कुत्र्याला सोबत ठेवायचे तर प्रथम श्रेणीचा संपूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो. अन्यथा त्याची रवानगी श्वानपेटीत होते. अकासा एअरने नोव्हेंबर 2022 पासून सात किलोपर्यंतच्या प्राण्यांना केबिनमध्ये प्रवेश दिला, पण तो सशुल्क सुविधा म्हणून.

अमेरिकेची नक्कल करणे हा मात्र त्यावरचा उपाय नाही. तेथे एका पत्राच्या आधारे प्राण्याला विमानात मोफत नेता येत असे. पाहता पाहता अशी पत्रे विकणारी संकेतस्थळे उभी राहिली, 2018 मध्ये नेवार्क विमानतळावर एक मोर घेऊन प्रवासी आली, आणि अखेर जानेवारी 2021 पासून विमान कंपन्यांची ही सक्ती काढून घेण्यात आली. खऱ्या गरजूंचा हक्क बनावट पत्रांच्या गर्दीत बुडाला. निवासाबाबतचे संरक्षण तेथे अजून आहे. कॅलिफोर्नियाने 2022 पासून असे पत्र देण्यापूर्वी तज्ज्ञ आणि रुग्ण यांचा किमान 30 दिवसांचा संबंध आवश्यक केला. भारताने घ्यायचा तर हा धडा घ्यावा : सवलत घरापुरती ठेवावी, दाखला उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचाच असावा आणि प्राण्याची पालिकेकडील नोंदणी व रेबीज लसीकरण सक्तीचे असावे. भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेला असताना ही शेवटची अट टाळून चालणार नाही.

एका बाबीसाठी नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार आजार बळावल्यास आपली काळजी कशी घेतली जावी, हे व्यक्ती आगाऊ निर्देशात लिहून ठेवू शकते आणि आपला प्रतिनिधीही नेमू शकते. घरी एकटाच उरलेला कुत्रा कोण सांभाळणार, या काळजीपोटी दाखल होणे पुढे ढकलणाऱ्या रुग्णासाठी त्याच कागदावर दोन ओळी वाढवता येतील : प्राणी कोणाकडे राहील आणि त्याला पाहण्याची मुभा कधी मिळेल.