कालयंत्रात बसलेली मुले



‘पोरगा सातवीत गेला, पण अभ्यास सोडून भूतकाळात जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांच्या गोष्टी वाचत बसतो. त्याला कसे आवरावे?’ गावोगावच्या बैठकांत पिकापाण्याचे बोलणे संपले, की ही तक्रार हमखास निघते. माझे मत विचाराल तर त्याला आवरू नका.

या गोष्टी आपल्याला परक्या नाहीत. भागवतातला ककुद्मी राजा मुलगी रेवती हिच्यासाठी स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला. तेथे गायन चालले होते, म्हणून थोडा थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली! त्याने योजलेल्या वरांचे नातू-पणतूही उरले नाहीत. शेवटी रेवती बलरामाला दिली. मात्र ककुद्मीला मागे फिरण्याची सोय नव्हती. ती सोय पुढे कथाकारांनी केली. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १८९५ साली कालयंत्राची कादंबरी लिहिली. १९०६ साली ई. नेस्बिट या लेखिकेने खास मुलांसाठी गोष्ट रचली. तिच्यातली चार भावंडे ताइताचा हरवलेला अर्धा भाग शोधत प्राचीन इजिप्त आणि बाबिलोनपर्यंत जाऊन येतात.

नुसती सफर घडवणारी गोष्ट करमणुकीपुरती ठीक. खरी गोडी आहे ती ‘त्या वेळी वेगळे घडले असते तर?’ या प्रश्नात. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ सालच्या एका कथेत एक शिकारी कोट्यवधी वर्षे मागे जातो. आखून दिलेली वाट सोडतो आणि त्याच्या बुटाखाली एक फुलपाखरू चिरडते. परत येऊन पाहतो, तर लोकांची भाषा बदललेली आणि निवडणुकीत निराळाच माणूस निवडून आलेला. एका कीटकाने इतके काय बिघडते, असे शहरी माणूस म्हणेल. फुलोऱ्यात आलेल्या सूर्यफुलावर मधमाशी फिरकली नाही तर दाणे पोचट राहतात, हे पाहिलेला शेतकरी तसे म्हणणार नाही.

आपल्या मराठीत डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आहे. ती नेमकी काळप्रवासाची नव्हे, पण त्याच घराण्यातली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. ती हुकली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात जाऊन पोचतात, जेथे ती हुकली आहे आणि मराठे जिंकले आहेत. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही आले. मुलाने ही गोष्ट वाचली, की लढाईची सनावळी पाठ करण्यापलीकडचा प्रश्न तो विचारू लागतो. पाठ्यपुस्तकाला हे सहसा जमत नाही.

आता एक काम सांगतो. मुलाला म्हणावे, तूच एक गोष्ट लिही. तुझा नायक आपल्याच गावात १९७२ च्या दुष्काळात जाऊन पडला. पुढे काय? पोर झरझर लिहील. मग ते लिखाण आजी-आजोबांपुढे वाचायला लावावे. नायक सोयाबीनच्या शेतातून पळाला, असे त्याने लिहिलेले असेल. आजोबा म्हणतील, तेव्हा इकडे सोयाबीन कुठले? ठिबकच्या नळीला तो अडखळला असेल, तर तीही खोडावी लागेल. नायकाला भूक लागली तर काय मिळेल, हे आजी सांगेल: दुष्काळी कामावरची सुकडी, नाहीतर परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. ती भाकरी कशी लागायची, हे कोणत्याही पुस्तकात पुरतेपणी सापडायचे नाही.

पण यात फार दिवस दवडू नयेत. तेव्हा ज्यांनी ऐन उमेदीत खडी फोडली, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. खरिपाची घाई संपल्यावर बघू, असे म्हणाल, तर लगेच रब्बी येते. एखाद्या पावसाळी संध्याकाळी वाफसा नसतो, कोळपे चालत नाही, तेव्हा बसावे. वही मुलाच्या हाती द्यावी. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. आजीला काय विचारायचे ते त्यालाच ठरवू द्यावे. विहिरीला पाणी किती हात खाली गेले होते, बैल विकले की छावणीत नेले, कामावर हजेरी कोण घेई, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतील, कारण गोष्टीतल्या नायकाला पुढच्या पानावर तेथे जगायचे असते.