चरीचा संप कोणत्या कपाटात आहे?

१/ २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी गावी कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावे त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत टिकला. नारायण नागू पाटील हे त्याचे नेते, एवढे आपल्याला ठाऊक असते. मात्र हे आपल्याला कोठून कळले, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. #धागा

२/ या संपावरची बहुतेक टिपणे एकमेकांवरून उतरवलेली वाटतात. तीच नावे, तीच वाक्ये, आणि आधाराचा पत्ता नाही. माझे मत असे की, आपल्या किनाऱ्याचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्याने पहिले पाऊल आपल्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात टाकावे. मुंबईचे पुराभिलेखागार त्यानंतर. कारण काय शोधायचे हे ठरल्यावाचून तेथे गेलेला विद्यार्थी बहुधा रिकाम्या हाताने परततो.

३/ पहिली अडचण शब्दांची. तालिकेत ‘रायगड’ शोधाल तर शिवकाल आणि किल्ला हाती येईल, संप येणार नाही. १ जानेवारी १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. म्हणून ‘कुलाबा’ शोधावे. इंग्रजी ग्रंथांसाठी त्या नावाची जुनी स्पेलिंगेही पाहावीत, आणि त्यातून मुंबईतला कुलाबा वेगळा काढावा.

४/ मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा येथील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४८ पर्यंत हा भाग जंजिरा संस्थानात होता. तेथील कुळांची कागदपत्रे ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात शोधणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपली पेटी शोधण्यासारखे आहे. प्रशासनाची जुनी सीमा ओळखणे ही संशोधनाची पहिली पायरी होय.

५/ दुसरी अडचण वर्गीकरणाची. आपल्याकडील पुष्कळ महाविद्यालयांत ड्यूई दशांश पद्धत चालते. तिच्यात जमीनधारणा ३३३ मध्ये, संप ३३१ मध्ये, जातिव्यवस्था ३०५ मध्ये, विधिमंडळ ३२८ मध्ये, भारताचा इतिहास ९५४ मध्ये, चरित्रे ९२० मध्ये. चरीच्या शेतकऱ्यांनी एकच लढा दिला; ग्रंथालयाने तो सहा कपाटांत वाटला. इतिहासाच्या कपाटापाशीच थांबणाऱ्याला त्याचा सहावा हिस्सा मिळतो.

६/ अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाता येत नाही. चिठ्ठी भरून पुस्तक मागवावे लागते. अशा वेळी ग्रंथपालांना भेटून विषय सांगावा आणि एक दुपार कपाटांपाशी घालवण्याची परवानगी मागावी. हव्या असलेल्या पुस्तकाच्या शेजारचे पुस्तक चिठ्ठीवर कधीच येत नाही. शोध मात्र पुष्कळदा त्या शेजाऱ्यापाशी लागतो.

७/ आता साधनांकडे. कुलाबा आणि जंजिरा यांचे गॅझेटिअर १८८३ चे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतला हा अकरावा खंड. त्यातील शेती व जमीन प्रशासनाची प्रकरणे खोती समजून घेण्यास उपयोगी आहेत. पण ग्रंथ सरकारी आहे. सारा कसा वसूल होतो, ही त्याची चिंता. कुळाच्या घरी पावसाळ्यात धान्य उरते का, ही नव्हे. आकडे घ्यावेत, पण जातींविषयीचे शेरे पुरावा म्हणून उतरवू नयेत. ते शेरे लिहिणाऱ्याविषयीचा पुरावा आहेत.

८/ दुसरे साधन विधिमंडळाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात त्यांची विधिमंडळातील कामगिरी संकलित आहे. खोतांना भरपाई आणि कसणाऱ्याला हक्क, ही मांडणी मुळातून वाचावी. खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला मात्र १९४९ साल उजाडावे लागले.

९/ तिसरे साधन वृत्तपत्रांचे. येथे प्रत्येक पत्राची जन्मतारीख पाहावी. नारायण नागू पाटील यांचे ‘कृषीवल’ १९३७ मध्ये सुरू झाले. म्हणजे संपाची पहिली वर्षे त्यात बातमी म्हणून असूच शकत नाहीत. आंबेडकरांचे ‘जनता’ १९३० पासूनचे. घटना घडताना लिहिलेले आणि ती घडून गेल्यावर आठवून लिहिलेले, या दोहोंतला फरक ज्याने ओळखला, त्याने अर्धे इतिहासशास्त्र शिकले.

१०/ चौथे साधन आपण जवळजवळ विसरतोच: न्यायनिवाड्यांचे अहवाल. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्यावरचा दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३७ मध्ये निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. विरोधकांनी कोणती रूढी पुढे केली आणि ती का टिकली नाही, हे गौरवग्रंथांपेक्षा निकालपत्रात अधिक स्वच्छ दिसते. जवळ विधी महाविद्यालय असेल तर त्याच्या ग्रंथालयाचे दार अवश्य ठोठवावे.

११/ इतके वाचूनही एक पोकळी उरते. सहा वर्षे खोताचे भात घरी आले नाही, तेव्हा चूल कोणी आणि कशावर पेटवली? गॅझेटिअर, विधेयक, अग्रलेख, निकाल: लिहिणारे बहुतेक पुरुष आणि बहुतेक शिकलेले. चरीच्या बाया या कागदांत जवळपास नाहीत. कागद गप्प आहे, याचा अर्थ तेथे काही घडले नाही असा होत नाही.

१२/ संपाच्या वर्षी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदी ओलांडून गेले आहे. साक्षीदारांना विचारण्याची वेळ जवळजवळ सरली. म्हणूनच महाविद्यालयांची जुनी वार्षिके, विद्यार्थ्यांचे टंकलिखित प्रबंध, स्थानिक स्मरणिका यांना आज मोल आहे. आजीचे ऐकून नातवाने पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेला भाबडा लेखही आता साधन ठरू शकतो.

१३/ आक्षेप येईल: सारे तर आंतरजालावर आहे! गॅझेटिअर आहे, आंबेडकरांचे खंडही आहेत, आणि ही सोय मोठीच आहे. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँची बंद असतात तेव्हा तर तिची किंमत अधिकच कळते. पण आंतरजालावर प्रथम चढते ते मोठ्या संस्थांचे आणि मोठ्या नावांचे. गावच्या स्मरणिकेची एखादीच प्रत असते, आणि ती बहुधा तळाच्या कप्प्यात.

१४/ खरा धोका येथे आहे. ग्रंथालयांना जागा हवी असते. न वापरलेली, जीर्ण पुस्तके बाद होतात. ‘गेल्या दहा वर्षांत कोणी नेले नाही’ हा निकष पाठ्यपुस्तकाला लावावा, स्थानिक साधनाला लावू नये. माझी मागणी साधी आहे: बाद करण्यापूर्वी यादी इतिहास विभागाला दाखवावी, आणि जिल्ह्याविषयीचे साहित्य एका वेगळ्या कपाटात ठेवावे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

१५/ आपला वाटाही त्यात आहे. जे पुस्तक कोणी मागत नाही, ते रद्दीच्या वाटेवर असते. मागणीची प्रत्येक चिठ्ठी ही ते पुस्तक जिवंत असल्याची नोंद होय. या आठवड्यात ग्रंथालयात जा, ‘कुलाबा’ या शब्दाने तालिका पाहा, आणि आपल्या तालुक्याविषयीचे १९८१ पूर्वीचे एक तरी पुस्तक मागवा. शीर्षक, वर्ष आणि ग्रंथालयाचे नाव येथे लिहा. या धाग्याखाली जिल्ह्याची एक सामायिक सूची उभी राहू दे.