मिलोची भाकर आणि उपकारस्तुती

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी असतो. त्याआधी पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" चर्चशी ज्यांचा संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी सांगतो, ही साक्ष कोर्टातली नव्हे. देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, एवढंच. पण गेल्या काही वर्षांत या साक्षींना एक साचा आलाय. मुलाला पुण्यात कंपनीत नोकरी लागली, प्रभूची स्तुती असो. मुलीचा कॅनडाचा व्हिसा झाला, प्रभूची स्तुती असो. फ्लॅटचं लोन मंजूर झालं, बायपास झाली, एका महिन्यात हिंडू-फिरू लागलो. सगळे आमेन म्हणतात, मीही म्हणतो. कुणाचं भलं झालं तर वाईट कशाला वाटावं?

तिथंच मागच्या एका बाकावर एक बाई बसलेल्या असतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गेले. त्यांच्यासाठी याच मंडळीनं उपास धरले होते, रात्र-रात्र साखळी प्रार्थना केली होती. साक्षीची वेळ झाली की त्या उपासना संगीताचं पुस्तक उघडून पानं चाळत बसतात. त्या काय सांगणार? आणि त्यांनी खरंच उभं राहून जे आहे ते सांगितलं, तर आमेन म्हणायला आमच्यातल्या किती जणांचं तोंड उघडेल?

मिळकतीची यादी वाचून दाखवली की उपकारस्तुती झाली, हा समज आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती समाजात जुना नसावा. जुना असूच शकत नाही, कारण आमच्या बहुतेकांच्या घराण्यांची सुरुवातच उपासमारीत झाली. अमेरिकन मिशनरी नगरला आले 1831 साली. त्यांचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच 1842 मध्ये सुरू झालं. पण खेड्यापाड्यांतल्या महार-मांग वस्त्यांतून लोक मोठ्या संख्येनं मंडळीत आले ते 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर. पुढं शतक बदलताना पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा मिशनरी ह्यूमसाहेबांनी जे मदतकार्य केलं त्यासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. त्या काळापासून एक टोमणा आमच्या मागं लागला आहे. भाकरीसाठी बाटले!

शाळेत हे ऐकलं की माझी मान खाली जायची. आता जात नाही. आले असतील भाकरीसाठी. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं उपाशी माणसाच्या हेतूंची चौकशी करू नये, हे एक. दुसरं असं, की येशूनं शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात देवाचं नाव, त्याचं राज्य आणि त्याची इच्छा हे झालं की माणसानं स्वतःसाठी पहिली गोष्ट मागितली आहे ती भाकर. पापांच्या क्षमेचा नंबर त्यानंतर लागतो. आणि भाकरही कितीची? आजची. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळायचा तोही त्या-त्या दिवसापुरता. ज्यांनी हावरटपणा करून उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, असं निर्गमाच्या पुस्तकात आहे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. आमच्या व्हिसाच्या आणि फ्लॅटच्या साक्षी ऐकताना मला हे आठवतं. त्या सगळ्या उद्याच्या भाकरीच्या असतात. आजच्या भाकरीबद्दल उभं राहिलेला माणूस मी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही.

(बाटून सगळं मिळालं म्हणणाऱ्यांनी 1950 चा राष्ट्रपतींचा आदेशही वाचावा. अनुसूचित जातींच्या सवलती त्यात हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच आहे. गाव त्याची जात काही विसरलं नाही, विसरला तो फक्त कागद.)

आजच्या भाकरीचे उपकार मानताना मी जवळून पाहिलं ते माझ्या आईला. 1972 चा दुष्काळ. विहिरी आटल्या होत्या, बाजरी पेरली ती उगवलीच नाही. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी आली की बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडायची, हात धुवायची आणि चुलीपुढं बसायची. रेशनवर तेव्हा परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. आई पाणी खळखळून उकळायची, त्यात पीठ मळायची, तरी थापताना भाकर कडेनं चिरायची आणि तव्यावर टाकताना हमखास तुटायची. तुकडे जुळवून ती भाजायची. सोबत कधी ठेचा, कधी नुसतं मीठ आणि पाणी.

जेवणाची प्रार्थना वडील करायचे. त्यांची प्रार्थना लांबायची, त्यात पंतप्रधानांपासून आजारी शेजाऱ्यापर्यंत सगळे यायचे. आमचं लक्ष भाकरीकडं. आमेन झालं की आई पहिला घास तोंडात घालायची आणि म्हणायची, "काय मेलं पीठ हे! तिकडची गुरं तरी खातात का नाही कुणास ठाऊक."

वडील म्हणायचे, "अगं, आत्ताच उपकार मानले ना आपण?"

"मानले की. भाकरीचे मानले. पिठाला चांगलं कसं म्हणू?"

आम्ही पोरं हसायचो. वडीलही हसायचे. पण ती विनोद करत नव्हती. भाकर मिळाली हे खरं होतं, ती गळ्याखाली उतरत नव्हती हेही खरं होतं. एकासाठी दुसरं लपवायचं तिला काही कारण दिसत नव्हतं. देवापुढं बसून खोटं बोलायचं तर मग प्रार्थना कशाला करायची?

हे तिला कुणी मुद्दाम शिकवावं लागलं नसणार. तिला स्तोत्रं पाठ होती. स्तोत्रसंहितेत एकशे पन्नास स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळ-सरळ तक्रारीची आहेत. किती दिवस वाट पाहू, मला विसरलास का, शत्रू माजले आहेत आणि तू झोपलास काय, अशा भाषेत माणूस देवाशी भांडतो. बहुतेक स्तोत्रांत शेवटी सूर बदलतो, विश्वासाचा शब्द येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तोही येत नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ जुळवला त्यांना ते गाळता आलं असतं. त्यांनी ठेवलं. आम्ही मात्र घराच्या भिंतीवर तेविसावं आणि एक्याण्णवावं टांगतो आणि अठ्ठ्याऐंशीवं कुणी वाचायला घेतलं की त्याच्या विश्वासाची काळजी करायला लागतो.

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजानं पाहिलेली मोठी माणसंही असल्या गुळगुळीत भक्तीची नव्हती. लक्ष्मीबाई टिळक घ्या. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि या बाईच्या पायाखालची जमीन गेली. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. एकत्र आल्यावरही संसार कसला? टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, दिसेल त्याला द्यायचा स्वभाव, घरात पोरकी मुलं, पाहुणे, आणि बालकवी ठोमऱ्यांसारखा राहायला आलेला कवी. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 साली आला. मराठी माणसानं तो वाचला नसेल तर आजच वाचायला घ्यावा. त्यात रडणं आहे, नवऱ्यावरचा राग आहे, आणि त्याच पानावर पोट धरून हसायला लावणारा प्रसंग आहे. दुःखावर घाईघाईनं देवाच्या इच्छेचा शिक्का मारून प्रसंग गुंडाळून टाकायची बाईंची सवय नाही. त्यांचा विश्वास एका रात्रीत आला नाही, जातीच्या सोवळ्याशी झगडत, हळूहळू आला. म्हणूनच तो वाचताना पटतो.

आणि पंडिता रमाबाई. आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा गेला. पदरात लहानगी मनोरमा. हीच बाई पुढं 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून केडगावला घेऊन आली. मला यात जे महत्त्वाचं वाटतं ते असं, की आपल्या भुकेचा अर्थ काय, असं तिनं देवाला विचारलंही असेल, पण उत्तराची वाट पाहत ती बसून राहिली नाही. दुसऱ्याच्या भुकेकडं गेली. कान गेले तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालूच होतं, तिथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. मधले जेमतेम नऊ महिने त्या बाईनं कसे काढले असतील, यावर आमच्याकडं फारशी प्रवचनं होत नाहीत. तिच्या यशावर होतात.

खुद्द प्रभूचं घ्या. ज्या रात्री त्याला धरून द्यायचं ठरलं होतं त्या रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकार मानले. धरून देणारा त्याच मेजावर जेवत होता. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर त्याच तोंडून, मला का टाकलंस, असा प्रश्न निघाला. आम्ही दर महिन्याला ती भाकर मोडतो आणि तरी साक्षीत फक्त गोड तेवढं बोलतो, याचं मला नवल वाटतं.

आता एक अलीकडचा प्रसंग. आमच्याकडं हंगामाचा सण मोठ्या हौसेनं होतो. ज्यानं-त्यानं शेतातलं, परसातलं आणायचं, वेदीपुढं ठेवायचं आणि उपासनेनंतर आवारात लिलाव. बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, गावरान अंडी, पाय बांधलेला कोंबडा. ज्यांच्याकडं शेत नाही त्या बायका लाडू आणि केक आणतात. दोन अंडी पाचशेला जातात, तरुण पोरं ईर्ष्येनं बोली चढवतात, मजा असते. हा प्रसंग घडला त्या वर्षी परतीच्या पावसानं लाल कांदा शेतातच सडवला होता. उपासना सुरू व्हायच्या आधी आमच्यातला एक शेतकरी डोक्यावर पाटी घेऊन आला आणि त्यानं ती भोपळ्यांच्या शेजारी ठेवली. पाटीत कांदेच होते. वरचे बरे, खालचे काळे पडलेले, पाणी सुटलेले. वास सुटला. महिला संघाच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एका पंचानं हळूच विचारलं, "भाऊ, हे कशाला आणलं?"

तो म्हणाला, "सण हंगामाचा आहे ना? माझा हंगाम हाच आहे."

त्याच्या बोलण्यात राग होता, आणि असायलाच हवा होता. बियाणं, खतं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या चिखलात गेलं होतं. पण तो घरी बसला नाही, आला. पाळकसाहेबांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी पाटी हलवू दिली नाही आणि प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. आभार मानले नाहीत, नुसतं म्हणाले, प्रभू, हे कांदे पाहा. लिलावात पाटी पुकारली तेव्हा सुरुवातीला कुणी बोललं नाही. मग मघाशी सांगितलेल्या त्याच बाईंनी, कधी साक्षीला न उठणाऱ्या, मागून बोली लावली. पुढं दोघं-तिघं चढले. पाटी शेवटी त्याच बाईंकडं गेली. त्यांनी बरे कांदे निवडून घेतले आणि बाकीचे आवारातल्या आंब्याच्या आळ्यात टाकले. माझ्या मते त्या सणातली खरी साक्ष ती होती, आणि ती दोघांनी मिळून दिली.

अडचणीत असलेल्या माणसाजवळ जाताना आपण काय बोलतो, हेही एकदा तपासायला हवं. "देवानं त्यांना जास्त प्रेमानं बोलावलं", "याच्यातून काहीतरी चांगलंच निघेल", "तुमचा विश्वास कमी पडला". शेवटचं वाक्य तर मयताच्या घरी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथं बिघडलं. त्यापेक्षा डबा घेऊन जावं, त्यांचं लाईटबिल भरून यावं, मुलांची शाळेची फी विचारावी. बँकेत वारसाचे कागद द्यायला मागच्या बाकावरच्या त्या बाईंसोबत कुणी गेलं असतं तर तीही उपासनाच होती.

यंदाचा हंगामाचा सण आता जवळ आला आहे. पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे. साक्षी विचाराल तेव्हा ज्यांचं पीक आलं नाही, ज्यांची प्रार्थना फळाला आली नाही, त्यांनाही विचारा, आणि ते काय बोलतील त्यावर प्रवचन करू नका. ज्यांना बोलायचं नाही त्यांना गप्प बसू द्या. लिलावात जमलेल्या रकमेतला एक वाटा चर्चच्या रंगकामाला न जाता मंडळीतल्या अडलेल्या घरात जाऊ दे, नाव न पुकारता. आणि वाचकहो, तुमच्या शेतात यंदा जे आलं असेल ते घेऊन या. बरं असो, वाईट असो, पाटी रिकामी असली तरी या.