रक्ताला दोष देण्याआधी

स्टेन्ट घातला की पेशंट बरा झाला, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. सकाळी अँजिओप्लास्टी, संध्याकाळी नातेवाईक शहाळी घेऊन हजर, दोन-तीन दिवसांत घरी. खरं दुखणं त्यानंतर सुरू होतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली ती धातूची जाळी शरीराला परकी असते आणि तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. ती धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि सोबत आणखी एक रक्त पातळ ठेवणारी गोळी महिनोन् महिने घ्यावी लागते. ती मध्येच बंद केली तर जाळी तुंबून नवा झटका येण्याची भीती असते. म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या तासाभराइतकंच महत्त्व पुढच्या वर्षभराला असतं. त्या वर्षभरात माणूस कुठे राहतो, काय कमावतो, गोळी त्याला परवडते का, यावर बरंच काही ठरतं.

हे डोक्यात ठेवून अमेरिकेतली एक आकडेवारी बघा. स्टेन्टच्या दहा वेगवेगळ्या चाचण्यांमधल्या २२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका, किंवा तीच जागा पुन्हा उघडावी लागणं, यांपैकी काहीतरी पाच वर्षांत किती जणांच्या वाट्याला आलं, हे त्यात मोजलं होतं. गोऱ्या रुग्णांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे १९ निघालं, कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे २४. वय, मधुमेह, रक्तदाब वगैरेंचा हिशेब करूनही फरक पूर्ण गेला नाही. संशोधकांच्या भाषेत वंश हा ‘स्वतंत्र घटक’ ठरला.

हा शब्द वाचला की अनेकांचं मन एकाच दिशेला धावतं: बघा, त्यांच्या रक्तातच काहीतरी आहे. ‘त्यांच्यातच असतं तसं’ हे वाक्य आम्हा मुसलमानांना नवं नाही. शाळा सोडलेल्या पोरांपासून घरातल्या मुलांच्या संख्येपर्यंत प्रत्येक गोष्टीचं उत्तर म्हणून ते आमच्या तोंडावर फेकलं गेलंय. त्यामुळे असेल, ‘स्वतंत्र घटक’ म्हटलं की माझा कान टवकारतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की आम्ही जे मोजलं त्यातून हा फरक उलगडला नाही. जे मोजलंच नाही, ते सगळं त्या ‘वंश’ नावाच्या पोत्यात जाऊन बसतं.

पोत्यात काय असेल याचा अंदाज दोन ठिकाणांहून येतो. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची रुग्णालयं आहेत. तिथे गोरा असो की काळा, दार एकच, औषधाचं दुकानही एकच. तिथल्या सुमारे ४२ हजार अँजिओप्लास्टींचा अभ्यास २०१७ साली आला. वरवर पाहता वर्षभरातले मृत्यू कृष्णवर्णीयांत थोडे जास्त होते, पण मूळच्या आजारांचा हिशेब केल्यावर तो फरक उरला नाही. माणसं त्याच वंशाची, देश तोच. वेगळी होती ती व्यवस्था. अर्थात, मधुमेह आणि रक्तदाब आधीच जास्त का होते, हा प्रश्न त्यानंतरही उभा राहतोच.

दुसरं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. तिथे विमा असला तरी प्रत्येक औषधामागे काही रक्कम रुग्णाला खिशातून भरावी लागते. झटका येऊन घरी गेलेल्या पाच हजारांहून अधिक विमाधारकांवर एक प्रयोग झाला: काहींना ही रक्कम पूर्ण माफ केली, बाकीच्यांना नाही. २०११ साली निकाल आला तेव्हा एकूण रुग्णांमध्ये मुख्य मोजमापावर ठोस फरक दिसला नाही. पुढे तीच माहिती वंशानुसार तपासली, तेव्हा गोरेतर रुग्णांमध्ये पुन्हा झटका येण्यासारख्या मोठ्या घटना आणि पुन्हा करावे लागणारे उपचार मिळून सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले आढळले. रक्त बदललं नव्हतं. औषधाच्या दुकानातलं बिल बदललं होतं.

मग जनुकांचं काहीच नाही का? आहे, आणि ते नाकारणं मूर्खपणाचं ठरेल. स्टेन्टनंतर सर्रास दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी पोटात गेल्यावर लगेच काम करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम तिला आधी कामाच्या रूपात आणतं. काहींमध्ये ते एन्झाइम जन्मतःच लंगडं असतं. २०१० साली अमेरिकी औषध प्रशासनाने या गोळीच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत तशी ताकीद छापायला लावली. जिथे आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरचे लोक मोठ्या संख्येने राहतात, त्या हवाई राज्याने, ही माहिती लोकांपासून दडवली, असा दावा २०१४ मध्ये कंपन्यांवर ठोकला. कंपन्यांनी आरोप नाकारले. फेरसुनावणीनंतर २०२४ मध्ये न्यायालयाने ९१ कोटी डॉलरहून जास्त दंड सुनावला.

पण याच जनुकाच्या हिशेबाने वंशाचा तर्क कसा कोसळतो बघा. माहितीपत्रकातल्या आकड्यांनुसार हे एन्झाइम जवळजवळ निकामी असणारे लोक गोऱ्यांमध्ये शंभरात दोन, कृष्णवर्णीयांमध्ये चार, चिनी लोकांमध्ये चौदा. रक्तच सगळं ठरवत असतं तर आशियाई रुग्णांचे सर्वांत वाईट हाल व्हायला हवे होते. २०२० च्या त्या अभ्यासात त्यांचं प्रमाण सर्वांत कमी होतं, शंभरात सुमारे ११. शिवाय, ज्याचं एन्झाइम लंगडं आहे तो गोरा असला तरी त्याला ही गोळी कमीच लागू पडणार. त्यासाठी जनुकाची तपासणी आहे आणि दुसऱ्या गोळ्याही आहेत. कातडीचा रंग बघून अंदाज बांधायची गरज नाही.

या ‘आशियाई’ रकान्याबद्दलही माझी तक्रार आहे. त्या २२ हजारांत नव्वद टक्क्यांहून अधिक गोरे, चार टक्के कृष्णवर्णीय आणि आशियाई जेमतेम दोन टक्के. त्या दोन टक्क्यांत चिनी, कोरियन, फिलिपिनो, आणि न्यू जर्सीत नोकरी करणारा आपला एखादा सांगलीचा किंवा मिरजेचा इंजिनिअरही. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे ५२ देशांतल्या एका मोठ्या पाहणीतून दिसून आलंय. ‘आशियाईंचं बरं चाललंय’ असं वाचून त्या इंजिनिअरने निवांत राहायचं का?

काही भले लोक म्हणतात, वंशाचा रकानाच फॉर्मवरून काढून टाका, माणूस म्हणून सगळे सारखे. मला हे पटत नाही. रकाना नसता तर १९ आणि २४ मधला फरक कुणाला कळलाच नसता आणि गोळीचे पैसे माफ केल्याने कुणाचा जीव वाचतो, हेही नाही. रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी आणखी रकाने आखा: गोळीचा महिन्याचा खर्च किती, तपासणीला आलं तर त्या दिवसाची मजुरी बुडते का, डॉक्टर बोलले ते समजलं का, रोजच्या जगण्यातली कुठली गोष्ट गोळीच्या आड येते.

हे शेवटचं मी उगाच लिहीत नाही. आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांना स्टेन्ट घातला आणि पाच महिन्यांनी रमजान आला. त्यांची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची होती. रोजे धरायचे म्हणून त्यांनी सकाळची गोळी परस्पर बंद केली. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. एक त्या घाईच्या ओपीडीत, दुसरे संकोचात. इफ्तारच्या वेळी एक आणि सहरीच्या वेळी एक, असं वेळापत्रक बसवायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागली. तीही त्यांच्या सुनेने फोन करून विचारलं म्हणून.