दोरीवरचे कपडे आणि कागदावरचं नाव

लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत गेले होते, तेव्हाची गोष्ट. ती राहते आयोवा राज्यात. तिकडे मैलोन् मैल मका आणि सोयाबीन, मध्येच एखादं घर. तिच्या ओळखीच्या एक ऐंशी ओलांडलेल्या शेतकरी आजी आहेत. बाळ दाखवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक मोठी तसबीर होती. मला वाटलं, देवाधर्माची असेल. जवळ जाऊन बघते तो काय, त्यांच्याच घराचा फोटो! तोही आकाशातून काढलेला. कौलारू गोठा, धान्याची उंच गोल कोठी, अंगणातली झाडं, शेतातले सरळ तास, सगळं कसं रांगोळीसारखं आखीव.

"हा कुणी काढला?" मी लेकीला विचारायला लावलं.

आजींनी सांगितलं ते ऐकून मजाच वाटली. तिकडे त्या काळात फोटोवाल्यांचा हा धंदाच होता. उन्हाळ्यात छोट्या विमानातून गावंच्या गावं फिरायची, एकेका शेतघराचा फोटो काढायचा आणि मग काही दिवसांनी तो फोटो घेऊन त्याच दारात उभं राहायचं. आपल्याकडे बोहारीण यायची ना, तसं! आपलंच घर असं वरून पाहिल्यावर कुणाला मोह होणार नाही?

मला मात्र प्रश्न पडला, विमान तर भुर्रकन जातं, मग फोटो काढतात कसा? जावईबापूंना विमानांचा नाद, त्यांनी समजावलं. या कामाला पंख वर असलेलं छोटं विमान बरं. पंख खिडकीच्या खाली आला की जमीनच दिसत नाही. विमान हळू चालवायचं, घर आलं की जरा त्या बाजूला कलवायचं आणि खिडकी उघडून फोटो घ्यायचा. कॅमेरा हातात धरायचा, विमानाच्या अंगाला टेकवायचा नाही, नाहीतर इंजिनाची थरथर फोटोत उतरते. उन्हाची वेळही बघावी लागते. भरदुपारी सगळं सपाट दिसतं. सकाळी किंवा कलत्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि झाडाला, घराला उंची येते.

असो. आजी मला हाताला धरून फोटोजवळ घेऊन गेल्या. घराच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं. तिथे पांढरे बारीक ठिपके होते. म्हणाल्या, "या माझ्या चादरी. सोमवारी आम्ही कपडे धुवायचो. म्हणजे फोटो सोमवारचा!" त्यांच्या यजमानांना फोटोत ट्रॅक्टर दिसायचा, मका दिसायचा. ती दोरी फक्त यांनाच दिसायची. फोटोचे पैसेसुद्धा यांचेच, अंडी विकून साठवलेले. आणि तसबिरीखाली जी पितळी पट्टी होती, तिच्यावर नाव कुणाचं? यजमानांचं. अमक्या अमक्यांचं शेत. बस्स.

आजींची काही तक्रार नव्हती हं. माझ्या मनातून मात्र ती पट्टी काही जाईना.

घरी परत आल्यावर जावईबापूंनी एक पुस्तक काढून दिलं. त्यात वाचलं, की दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडची विमानं शत्रूच्या मुलखावर जाऊन फोटो काढून आणायची. जिवावरचं काम, वैमानिकांचं कौतुक व्हायलाच हवं. पण नुसता फोटो काढून काय होतं? तो वाचावा लागतो. ते काम मेडमनहॅम नावाच्या ठिकाणी चालायचं आणि त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. पंतप्रधान चर्चिल यांची मुलगी सारासुद्धा त्यांच्यात होती. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवून दुर्बिणीसारख्या भिंगांतून पाहायचे, म्हणजे घरं, टेकड्या उठून दिसतात. कालच्या आणि आजच्या फोटोत काय बदललं, ते हेरायचं. त्यांच्यातल्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३ मध्ये पेनेम्युंडे इथल्या फोटोत एक पिटुकला ठिपका शोधून काढला. तो होता जर्मनांचा विनावैमानिक उडता बॉम्ब, व्ही-वन!

मला नवल नाही वाटलं. तांदळातला खडा आपल्याला दिसतो, तो घरात दुसऱ्या कुणाला दिसतो का? नजर आपल्याकडे आहेच. फक्त ती कुठे लावायची, हे कुणी सांगत नाही.

आता म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला? तर ऐका. विमान सोडा, आता आपल्याच घराचा वरून फोटो निघतोय. केंद्र सरकारने २०२० मध्ये स्वामित्व योजना आणली. त्याआधीच आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता. शेताचा सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला बहुतेक गावांत असा मोजणीचा कागदच नव्हता. घरपट्टीची पावती, एवढाच काय तो आधार. आता घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात, वरून ड्रोन फोटो काढतो, त्यावरून नकाशा होतो आणि मग प्रत्येक घराचं मालमत्ता पत्रक. त्यावर बँकेचं कर्जही मिळू शकतं.

आमच्या गावातही मोजणी झाली. चुना मारायला माणसं आली तेव्हा मी दारातच उभी होते. त्यातला एकजण विचारतो, "घरात कुणी आहे का?" अरे बाबा, मग मी कोण? मालक बाहेरगावी म्हटल्यावर त्यांनी अंदाजानेच रेघ मारली आणि गेले. पुढे नकाशा बघायला लावला, तेव्हा यजमान एक नजर टाकून आले. म्हणाले, "बरोबर आहे सगळं." मला चैन पडेना. मी स्वतः गेले. आमच्या घरामागे दोन खोल्या आहेत, मी शिलाई करून बांधलेल्या. त्यांच्या पलीकडे न्हाणी. नकाशात न्हाणी चक्क शेजाऱ्यांच्या हद्दीत! इतकी वर्षं ज्या दगडावर कपडे आपटले, तो चुकेल का मला? हरकत घेतली, माणसं पुन्हा आली आणि रेघ दुरुस्त झाली.

दुसरी गोष्ट मात्र सोपी नव्हती. नाव एकट्या यजमानांचं. मी विषय काढला तर म्हणाले, "अगं, कुणाच्याही नावावर असलं म्हणून काय फरक पडतो?" मी म्हटलं, "फरक पडत नाही ना? मग माझंही घाला!" दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "कागद काय काय लागतात ते विचारून ये." विचारून आलेय. काम सुरू आहे. ते पुरं होईपर्यंत मी काही गप्प बसणार नाही.

आपल्या सरकारने २००३ मध्येच 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायचं ठरवलं होतं. पण किती जणींनी जाऊन पाहिलं, की आपलं नाव खरंच लागलंय का? नवरा चांगला आहे, म्हणून आपण विचारत नाही. अहो, भांडण आहे म्हणून नाव घालायचं नसतं. उद्या तो नसला, किंवा दीर-भावजयींत वाटणी निघाली, तर बाईला "तुझं इथे काय?" असं कुणी म्हणू नये, म्हणून घालायचं असतं.

आकाशातल्या कॅमेऱ्याला छप्पर दिसतं. छपराखाली कोण राबतं, ते त्याला दिसत नाही. ते आपणच सांगायला हवं. तेव्हा मैत्रिणींनो, गावात मोजणी येणार असेल तर त्या दिवशी घरी थांबा. चुना मारताना सोबत चला. नकाशा लागला की स्वतः जाऊन बघा, न्हाणीपासून ओट्यापर्यंत. आणि पत्रक हातात आलं की आधी नावाची ओळ वाचा.

आयोवाच्या आजींचा फोन येतो अधूनमधून. मागच्या वेळी मी लेकीला सांगितलं, त्यांना म्हणावं, त्या पट्टीवर दुसरं नाव कोरून घ्या, अजून वेळ गेलेली नाही. आजी खूप हसल्या. पण पट्टी कुठे कोरून मिळेल, तेही त्यांनी विचारलं म्हणे!