पॅकेज विचारलं, तास कोण विचारणार?

आपल्या भंडारा जिल्ह्यात एखाद्या घरचा मुलगा किंवा मुलगी पुण्याच्या मोठ्या कंपनीत ‘लागली’ की मोहल्ल्यात पहिला प्रश्न असतो, पॅकेज किती? दुसरा प्रश्न, राहायची सोय काय? तिसरा थेट लग्नाचा. कामाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, जादा कामाचे पैसे मिळतात का, आजारी पडल्यावर रजा देतात की फोनवर फोन करतात, हे कोणी विचारत नाही. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं आज पुणे, मुंबई, हैदराबादच्या सल्लागार कंपन्यांत आहेत. ईदला गावी आली की भेटतात. कंपनी कशी आहे विचारलं की सोयींची यादी सांगतात. कँटीन आहे, कुटुंबासह मेडिक्लेम आहे, रात्री घरी सोडायला गाडी आहे, उशीर झाला तर जेवणाचे कूपन आहे.

मी त्यांना एकच विचारतो. रात्री घरी सोडायला गाडी लागते म्हणजे तू निघतोस किती वाजता? मग जरा वेळ शांतता असते. कोणी अकरा म्हणतं, कोणी म्हणतं ‘सर, क्लायंटवर आहे’. जेवणाचं कूपन आणि रात्रीची गाडी या दोन्ही गोष्टी सोयी म्हणून सांगितल्या जातात. मला मात्र त्या पुराव्यासारख्या वाटतात. ज्या कार्यालयात लोक सातला घरी जातात, तिथे रोज रात्री अकराच्या गाडीची व्यवस्था ठेवावी लागत नाही.

हा विषय मनात घर करून बसला तो सप्टेंबर २०२४ मध्ये. केरळची ॲना सेबॅस्टियन ही २६ वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट पुण्यात ईवाय समूहातल्या एस. आर. बाटलीबॉय या फर्ममध्ये मार्च २०२४ ला रुजू झाली आणि २० जुलैला वारली. नोकरी झाली जेमतेम चार महिने. तिच्या आईने कंपनीचे भारतातले प्रमुख राजीव मेमाणी यांना पत्र लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं. रात्री उशिरापर्यंत काम, शनिवार-रविवारीही काम, छातीत आवळल्यासारखं होतं म्हणून डॉक्टरांकडे गेली तर झोप नाही आणि जेवण वेळेवर नाही असं निदान, आणि तिथून पुन्हा कामावर, असं त्या पत्रात होतं. दीक्षान्त समारंभासाठी आईवडील पुण्याला आले होते. आपल्या कमाईतून त्यांना तिथे न्यायचं हे तिचं स्वप्न होतं. त्या दिवशीही ती दुपारपर्यंत काम करत बसली होती, आणि कार्यक्रमाला पोहोचायला उशीर झाला. अंत्यसंस्काराला कार्यालयातून कोणी आलं नाही, ही त्या आईची सगळ्यात मोठी तक्रार होती.

कंपनीने दुःख व्यक्त केलं. कामाच्या ताणामुळे तिचा जीव गेला असं आम्हाला वाटत नाही, असंही सांगितलं. मृत्यूचं वैद्यकीय कारण ठरवणं माझ्यासारख्या मास्तराचं काम नाही, आणि मी ते ठरवतही नाही. पण त्यानंतर जे बाहेर आलं ते कागदावरचं होतं, त्यात मतभेदाला जागा नव्हती. राज्याच्या कामगार विभागाचे अधिकारी पुण्याच्या कार्यालयात पाहणीला गेले. २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती, असं त्यांनी सांगितलं. नोंदणीचा अर्ज गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि तो फेटाळला गेला. आपल्या बाजारातल्या किराणा दुकानदाराला हा कायदा माहीत असतो. जगाला हिशोब आणि नियम शिकवणाऱ्या कार्यालयाची इतकी वर्षं त्याच्या दारात नोंद नव्हती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी त्याच सुमारास चेन्नईत, ताण सोसण्याचं आंतरिक बळ घरातून आणि ईश्वरभक्तीतून यावं अशा अर्थाचं काही म्हटलं आणि त्यांच्यावर टीका झाली. टीका योग्यच होती. आंतरिक बळ कोणाला नको आहे? पण कार्यालयाच्या हजेरीपुस्तकाचा प्रश्न देवावर सोपवता येत नाही.

आता तो कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या मुलांना तो माहीतच नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ सालचा. मूळ रूपात तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्या मूळ रूपात दिवसाला नऊ तास होते; आठवड्याला ४८ तास. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असंही मूळ कायद्यात होतं. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. जादा कामाला दुप्पट दराने पैसे. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा. २४० दिवस काम भरलं की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सणांच्या आणि राष्ट्रीय दिवसांच्या मिळून आठ सुट्ट्या पगारी. यातलं काहीही कंपनीची मेहरबानी नाही. तरी नोकरीच्या पत्राबरोबर जी रंगीत पुस्तिका येते, तिच्यात यातलंच बरंचसं ‘आमच्याकडे मिळणारे लाभ’ म्हणून छापलेलं असतं.

भाषेचा मास्तर आहे म्हणून सांगतो. ‘हक्क’ आणि ‘सवलत’ हे दोन्ही शब्द मराठीत अरबी-फारसीच्या वाटेने आले. सवलत म्हणजे सहूलत, कोणीतरी आपल्यासाठी गोष्ट सोपी करणं. ती देणाऱ्याच्या मनावर असते, आज दिली, उद्या काढून घेतली. हक्काला देणाऱ्याच्या मनाशी काही घेणं नाही. ‘रजा’ हा शब्द तर आणखी मजेशीर. उर्दूत रज़ा म्हणजे राजीखुशी, संमती. मालकाची मर्जी असेल तर जा, असा त्याचा जुना भाव. कायद्याने ती मर्जी काढून टाकली आहे, पण आमची पोरं अजून साहेबाचा चेहरा बघून रजेचा अर्ज टाकतात.

एक पळवाट मात्र त्याच कायद्यात आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला तो लागू होत नाही. म्हणून पदांची नावं लक्ष देऊन वाचायला हवीत. बावीस-चोवीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली एकही माणूस नसतो, पण नावापुढे एक्झिक्युटिव्ह नाहीतर असिस्टंट मॅनेजर लागलेलं असतं. घरी अम्मीला अभिमान वाटतो की मुलगा मॅनेजर झाला. तास मोजायची वेळ आली की तोच अभिमान त्याच्या विरोधात वापरला जाऊ शकतो.

आपल्या जिल्ह्याला हे सगळं नवीन वाटायला नको. भंडारा-गोंदियाने बिडीच्या धंद्यात पिढ्या घालवल्या आहेत. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आज्या सूप मांडीवर घेऊन तेंदूपत्त्याच्या बिड्या वळत आणि हजारामागे मजुरी घेत. संध्याकाळी सट्टेदाराकडे माल गेला की तो बिड्या निवडायचा आणि त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला टाकायचा. छाट निघालेल्या बिडीची मजुरी नाही. बिडी मात्र त्याच्याकडेच राहायची. ही लूट इतकी उघड होती की बिडी कामगारांचा १९६६ चा कायदा झाला आणि छाट किती काढता येईल याला नियमात मर्यादा घालावी लागली. संघटना झाल्या, मोर्चे निघाले, ओळखपत्रं मिळाली, १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आला. त्या निधीतून बिडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळे, आणि ते अर्ज भरून देणं हे आम्हा शिक्षकांचं दरवर्षीचं काम असे.

त्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या घरातला नातू आज काचेच्या इमारतीत बसतो आणि त्याच्याकडेही छाट असते. फक्त ती बिड्यांची नसते, माणसांची असते. अनेक मोठ्या कंपन्यांत वर्षाच्या शेवटी मूल्यमापन होतं आणि ठरावीक टक्के लोकांना खालच्या रकान्यात टाकायचं हे आधीच ठरलेलं असतं. सगळ्या टोळीने जीव तोडून काम केलं तरी खालचा रकाना भरावाच लागतो. दादीच्या छाटेवर तक्रार करायला नियम तरी होता. नातवाच्या छाटेवर काय आहे? युनियन म्हटलं की तो हसतो. ‘सर, ते कारखान्यात असतं.’ वरठीच्या सनफ्लॅगमध्ये किंवा चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत काम करणारा आपलाच शेजारी ‘ओव्हरटाइम’ हा शब्द बरोबर पैशाच्या अर्थाने वापरतो. पुण्यात शिकून गेलेला मात्र तोच शब्द कौतुकाच्या अर्थाने वापरतो. पुण्यात आयटीतल्या कर्मचाऱ्यांची नाइट्स नावाची संघटना आहे, ती कामगार आयुक्तांकडे तक्रारी घेऊन जाते, हे सांगितलं की त्याला नवल वाटतं.

आणि यात आपल्या मुलांचा वेगळा प्रश्न आहे, तो बोलायला हवा. सुखदेव थोरात आणि पॉल अट्वेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अनेकांना आठवत असेल. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. मुस्लीम नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावापेक्षा बरीच कमी निघाली, दलित नावालाही कमी. ज्याला दार उघडायलाच इतका वेळ लागतो, तो आत गेल्यावर तास मोजत नाही. आपण आधीच वेगळे दिसतो, त्यात आणखी तक्रार कशाला, हा विचार मी या मुलांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकला आहे. म्हणून दिवाळीला मागे थांबणारा तोच, नाताळला थांबणारा तोच, आणि ईदला ‘चाँद दिसला तर उद्या नाहीतर परवा’ हे सांगताना शरमिंदा होणाराही तोच.

जुम्म्याचं उदाहरण घ्या. एका मुलीने सांगितलं की तिच्या टीममधला एक मुलगा शुक्रवारी नमाजला जाण्यासाठी दर आठवड्याला मॅनेजरची परवानगी मागतो आणि त्याबद्दल रात्री एक तास जास्त बसतो. का? ठरावीक तासांनंतर अर्धा तास विश्रांती हा तिथल्या प्रत्येकाचा हक्क आहे. कोणी त्यात डबा खाईल, कोणी सिगारेट ओढायला खाली जाईल, कोणी नमाज पढेल. ही मुसलमानांसाठी खास सवलत म्हणून मागितली की ती सवलत होते आणि तिची किंमत चुकवावी लागते. सगळ्यांसाठी जेवणाची सुट्टी पाळा, अशी मागणी केली की तोच वेळ सगळ्यांच्या हक्काचा होतो, आणि शेजारच्या टेबलावरचा कुलकर्णी किंवा मेश्रामही आपल्या बाजूने बोलतो. सणांच्या सुट्ट्यांचंही तसंच. आठांपैकी चार दिवस ठरलेले आहेत, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेले चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायचे असतात. आपल्या किती मुलांना त्या ठरवण्यात कोणी विचारलं? आणि किती जणांनी, आम्हाला विचारा, असं म्हटलं?

आठवड्याची सुट्टी तरी आकाशातून पडली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षं भांडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. हा सत्यशोधक माणूस १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणूनही कामगारवस्त्यांत धडपडला. आज आठवड्याला सत्तर तास काम करा असं नारायण मूर्ती २०२३ मध्ये सांगतात, नव्वद तासांची आणि रविवारची गोष्ट एल अँड टीचे सुब्रह्मण्यन २०२५ मध्ये करतात, आणि आमची मुलं ते भाषण एकमेकांना प्रेरणा म्हणून पाठवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्यातले नऊ तास दहा करायला मंजुरी दिली. पुण्याच्या त्या प्रकरणाला तेव्हा पुरतं सव्वा वर्षही झालं नव्हतं. आपल्याकडच्या एकाही बैठकीत मी यावर चर्चा ऐकली नाही. मजुराचा घाम आणि त्याची मजुरी यावर मात्र दरेक जलशात बयान होतं, लोक माना डोलावतात. त्या बयानात लॅपटॉपवर घाम गाळणारा का येत नाही, हे मला कळत नाही.

काही पालक म्हणतील, सर, तुमची सरकारी शाळेची नोकरी, तुम्हाला बोलायला काय जातं. ठीक आहे. पण दुसरी बाजूही मी पाहतो. या नोकऱ्यांनी आपल्या कितीतरी घरांना पक्कं छत दिलं, बहिणींची शिक्षणं केली, अब्बांचं ऑपरेशन कंपनीच्या मेडिक्लेमवर झालं. मुलींना गावात जे काम कोणी दिलं नसतं ते तिथे मिळालं. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा मोठ्या कंपन्या बऱ्यापैकी पाळतात, ती आपल्याकडच्या कितीतरी खाजगी शाळा आणि दवाखाने बायकांना देत नाहीत. नोकरी सोडा, असं मी कोणाला सांगत नाही. नोकरी वाचून घ्या, इतकंच म्हणतो.

दहावीच्या मराठीच्या पेपरात मुलं पत्रलेखनात पैकीच्या पैकी गुण घेतात. पण पाच-सहा वर्षांनी हातात पडणारं नेमणुकीचं पत्र त्यांतल्या बहुतेकांनी शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नसतं, सही मात्र प्रत्येक पानावर असते. नोटीसचा काळ तीन महिने, आधी सोडली तर भरायची रक्कम, ‘कामाच्या गरजेनुसार वेळ’ हे तीन साधे शब्द, सगळं त्यात असतं. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत जी मुलं गावी येतील त्यांच्यासाठी दर रविवारी असरनंतर आमच्या शाळेजवळच्या वाचनालयात बसायचं ठरवलं आहे. ज्यांच्याकडे नेमणुकीचं पत्र आहे त्यांनी ते घेऊन यावं, कंपनीचं नाव झाकून आणलं तरी चालेल. एकेक कलम मराठीत आणि उर्दूत वाचू. तहसीलच्या एका वकीलसाहेबांनी यायचं कबूल केलं आहे. आईवडिलांनी सोबत आलं तर आणखी चांगलं. पॅकेजचा आकडा त्यांना पाठ असतोच.