देणे सोपे, घेणे कठीण!

जातिव्यवस्थेला दानधर्माचे वावडे कधीच नव्हते. सणावाराला उरलेसुरले अन्न आमच्या आजोबा-पणजोबांच्या टोपलीत वरून टाकणारे हात गावचेच होते. भुकेल्याला तुकडा दिला म्हणून त्या हातांची जात बाटली नाही. जात बाटत होती ती घेण्याने. महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या हातचे पाणी कोणी घेतले की गाव पेटून उठायचे. म्हणून सहभोजनाची बातमी आली की आम्ही त्यात एकच गोष्ट शोधतो. कोणी वाढले ते राहू द्या. कोणाच्या चुलीवरचे कोणी खाल्ले, ते सांगा!

याचे एक साधे उदाहरण आम्हाला मुळशी तालुक्यात मिळाले. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरणारा रस्ता घोटावडे फाट्यावरून, पौडवरून जातो. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर अभिवादनाला जाणाऱ्या पुणे भागातील अनेक गाड्या याच रस्त्याने जातात. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जण महाडहून परतत होतो. घोटावडे फाट्याजवळ जीपचा पाटा तुटला. रात्र झालेली, मिस्त्री सकाळी येणार. तिथेच रस्त्याकडेला एक टेम्पो बंद पडून उभा होता. श्रीवर्धनकडचे एक कोळी कुटुंब पिंपरीच्या नातेवाइकांकडे लग्नाला निघाले होते. सोबत मासळीचे दोन खोके; पण बर्फ वितळत आलेला.

त्यांच्यातल्या आजी आमच्या गाडीवरच्या निळ्या झेंड्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘महाडवरशी आलात ना? तल्यावर गेलेले?’’ आम्ही म्हणालो, ‘‘होय आजी, जयभीमवाले आम्ही.’’ आजी म्हणाल्या, ‘‘बरफ सरला. मासली सकालपर्यंत ऱ्हायाची नाय. तुमी भात टाका, आमी कालवण करतो.’’

बस, एवढेच बोलणे झाले. तीन दगडांच्या दोन चुली मांडल्या. आमच्याकडे शिध्याचे तांदूळ, कांदे, लसूण, तिखट आणि मोठे पातेले होते. त्यांच्याकडे कोळंबी, मांदेली, बांगडे आणि कोकम. आमच्या पातेल्यात आमच्या बायांनी भात शिजवला. त्यांच्या टोपात कोळंबीचे कालवण झाले, तव्यावर मांदेली तळली गेली. पाणी आमच्या कॅनमधले. सगळे एकाच सतरंजीवर बसले आणि आजींनी पहिला घास आमच्या भाताचा घेतला. वाचकहो, ‘कोळ्यांनी आम्हाला मासे खाऊ घातले’ एवढे म्हणून ही गोष्ट संपवली तर ती दयेची गोष्ट होईल. आमचा निळा झेंडा बघून, आम्ही कोण हे पक्के माहीत असून त्यांनी आमच्या हातचे खाल्ले, ही यातली खरी गोष्ट आहे.

यात काय मोठे, असे कोणी विचारेल. त्याने इतिहास उघडून पाहावा. १९०१ साली लहानगे भीमराव घरातल्या मुलांसोबत वडिलांकडे गोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. ही मुले महारांची आहेत हे कळताच कोणी गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही स्वतः गाडीबरोबर चालत, गाडी मुलांनी हाकायची या अटीवर. वाटेत टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून ‘आम्ही मुसलमान’ असे सांगावे लागले, तरीही मिळाले नाही. मुलांच्या डब्यात अन्न भरपूर होते, पण पाण्याचा घोट नव्हता. भरल्या डब्यासह ती लेकरे उपाशी झोपली. बाबासाहेबांनी पुढे हे स्वतः लिहून ठेवले आहे.

आणि महाड? १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळ्याचे पाणी प्राशन करून लोक मंडपात परतले. काही जण गावी निघण्याआधी जेवायला बसले होते. तेवढ्यात लाठ्याकाठ्या घेऊन जमाव घुसला. ताटातले अन्न मातीत मिसळले, भांडी ठेचली, माणसे रक्तबंबाळ केली. त्या वेळी कित्येकांना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमान घरांत. ज्या महाडात आमच्या लोकांच्या तोंडचा घास मातीत घातला गेला, तिथूनच येणाऱ्या गाडीतला भात एक कोळी आजी मागून खाते, हे अंतर चळवळीने कापले आहे. ते आयते मिळालेले नाही!

परंतु एका रात्रीच्या जेवणाने हुरळून जाण्याचे कारण नाही. १९१७ साली केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी पुलय बांधवांसोबत मिश्रभोजन घडवून आणले, तेव्हा लोकांनी त्यांना ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणवले. त्यांनी ते नाव बिरुदासारखे मिरवले. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी मात्र बजावले की, सहभोजनाने जात मरत नाही. अनेक जाती एकमेकांत जेवतात, तरीही जात शाबूत राहते. आंतरजातीय विवाह आणि जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांचा अधिकार झुगारणे, हेच त्यांनी खरे औषध सांगितले. वाटेवरची पंगत सकाळी उठते. रस्त्यावर कोणी कोणाचा शेजारी नसतो, सोयरा नसतो. जात दबा धरून बसते ती घरी, गावी, बैठकीत.

ती बसलेलीच आहे. २०१७ साली याच पुण्यात एका वरिष्ठ सरकारी शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकीणबाईंवर पोलिसात गुन्हा नोंदवला. आरोप काय, तर जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला! ती स्वयंपाकीण मराठा समाजातली होती. मनुवाद फक्त आपल्याच दारापाशी थांबतो, असे समजणाऱ्या बहुजन बांधवांनी हे नीट लक्षात घ्यावे. पुढे तक्रार मागे घेतली गेली, पण ती करावीशी वाटली, यातच सगळे आले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेने रांधलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. तिला कामावरून काढले. गदारोळ झाल्यावर पुन्हा घ्यावे लागले. दहा-बारा वर्षांच्या पोराला कोणाच्या हातचे खाऊ नये हे कोणी शिकवले? पाठ्यपुस्तकात तर ते नाही. ते घरातल्या चुलीपाशी शिकवले जाते.

आता थोडे आपल्यातही पाहू. आमच्या हातचे सवर्णांनी घ्यावे, हा आग्रह रास्तच आहे. पण मातंग, मेहतर, पारधी बांधवांच्या घरी पाटावर बसून आपण किती वेळा जेवतो? त्यांच्या घरी सोयरीक करायला आपल्यातले किती जण तयार आहेत? बुद्ध विहारातला खीरदानाचा कार्यक्रम चांगलाच आहे. मात्र तिथेही आपण देणारे असतो. आपल्यापेक्षा खाली ढकललेल्याच्या चुलीवरचे घेणे, ही आपलीही परीक्षा आहे.

तेव्हा पुढाऱ्यांनी दलित वस्तीत हॉटेलचे डबे नेऊन फोटोपुरते जेवणे बंद करावे. यायचेच असेल तर वस्तीतल्या माउलीने रांधलेले खावे, आणि परतताना तिला आपल्या स्वयंपाकघरात बोलवावे. आणि कार्यकर्त्यांनी येत्या २० मार्चला महाडच्या वाटेवर शिधा थोडा जास्त घ्यावा. वाटेत जो भेटेल त्याला झेंडा न झाकता सांगावे, ‘या, आमच्यात जेवा.’ कोण बसतो आणि कोण उठून जातो, यावरून त्या गावाला समता किती कळली आहे ते कळेल. जयभीम!